विमा व्यवसायातील बढती आणि वनजिल्ह्यांची कसोटी

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत विमा व्यवसायात नव्याने रुजू झालेल्या तरुणांसमोर एका निवृत्त विमा अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांनाही तो उपयुक्त वाटेल.)



नोकरीला लागून दोन वर्षे झाली नाहीत तोच बढतीचा विचार करणाऱ्या तरुणाकडे आपल्या कार्यालयांतून काहीशा संशयाने पाहिले जाते. 'आधी काम शिका, मग बढतीचे बघा' असा उपदेश त्याला ऐकावा लागतो. हा उपदेश मला अर्धाच पटतो. काम शिकलेच पाहिजे. परंतु वर चढण्याची इच्छा मनात धरूनही काम शिकता येते, किंबहुना त्या इच्छेमुळे ते अधिक लवकर शिकले जाते. महत्त्वाकांक्षा हा दोष नव्हे. ती कशाच्या आधारावर उभी आहे, एवढाच प्रश्न आहे. विमा व्यवसायात या प्रश्नाचे उत्तर इतर कोणत्याही व्यवसायापेक्षा अधिक स्पष्टपणे मिळते आणि आपल्या दोन वनजिल्ह्यांत तर ते फार लवकर मिळते.

व्यवसायाचे मूळ प्रयोजन

ज्या व्यवसायात आपण वर जाऊ इच्छितो, तो कशासाठी उभारला गेला हे प्रथम ध्यानात घ्यावे. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली, तेव्हा देशाचे अर्थमंत्री रायगड जिल्ह्यातील चिंतामणराव देशमुख होते. भारतीय व परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्थांचा कारभार एकत्र करण्यात आला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. विमा केवळ मोठ्या शहरांत न राहता खेड्यापाड्यांत आणि आर्थिक दृष्ट्या मागे राहिलेल्या वर्गांत जावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. पुढे १ जानेवारी १९७३ पासून १०७ सर्वसाधारण विमा कंपन्यांचे चार सरकारी कंपन्यांत एकत्रीकरण झाले. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले, २००० पासून खाजगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाला आणि मे २०२२ मध्ये खुद्द महामंडळाच्या शेअरची शेअर बाजारात नोंदणी झाली.

या सर्व स्थित्यंतरांत ग्रामीण भागाची जबाबदारी मात्र संपलेली नाही. प्राधिकरणाने २०२४ मध्ये केलेल्या विनियमांत विमा कंपन्यांच्या ग्रामीण उत्तरदायित्वाचे मोजमाप ग्रामपंचायत हे एकक धरून करण्याचे ठरविले. म्हणजे धानोरा किंवा जिवती तालुक्यातील एखादी ग्रामपंचायत ही आता मुंबईतील मुख्य कार्यालयाच्या हिशेबातली बाब झाली आहे. वनजिल्ह्यात काम करणाऱ्या तरुणाने हा बदल नीट समजून घ्यावा.

बढतीची शिडी

महामंडळात पदवीधर तरुणाला दोन प्रमुख दारांनी प्रवेश मिळतो. एक, सहायकाचे, दुसरे, सहायक प्रशासकीय अधिकाऱ्याचे. दुसऱ्या पदासाठी पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन टप्पे असतात. सहायकालाही अंतर्गत बढतीने अधिकारी होता येते. तेथून पुढे प्रशासकीय अधिकारी, सहायक विभागीय व्यवस्थापक, विभागीय व्यवस्थापक अशा पायऱ्या लागतात. विकास अधिकाऱ्याची वाट वेगळी. तो विमा प्रतिनिधी नेमतो, त्यांना शिकवितो आणि त्यांच्या कामातून त्याचे काम मोजले जाते. खाजगी कंपन्यांत पायऱ्या अधिक जवळजवळ असतात, दोन-तीन वर्षांत हुद्दा बदलतो. परंतु तेथे उद्दिष्ट चुकले तर पायरी निसटायलाही वेळ लागत नाही.

अंतर्गत बढतीत साधारणपणे ज्येष्ठता, कामाचा अहवाल, परीक्षा आणि मुलाखत यांचा विचार होतो. यांतील ज्येष्ठता आपल्या हाती नाही. बाकी पुष्कळसे आपल्या हाती आहे. मुंबईच्या भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलोशिप या परीक्षा म्हणजे या व्यवसायाची शिदोरी होय. त्यांसाठी शहरात राहावे लागत नाही. पुस्तके घरी येतात आणि पावसाळ्यातील लांबलचक संध्याकाळी अभ्यासाला पुरेशा असतात. ज्याला गणिताची आवड आहे त्याने विमागणिताच्या परीक्षांचीही माहिती घ्यावी. त्या कठीण आहेत, वर्षे घेतात. परंतु गोंडवाना विद्यापीठाच्या गणिताच्या पदवीधराने त्यांची वाट धरू नये असा काही नियम नाही.

लहान शाखा ही मोठी शाळा

चंद्रपूर-गडचिरोलीकडे बदली म्हणजे शिक्षा, अशी एक समजूत नोकरशाहीत फार जुनी आहे. राज्य शासनाने २००२ मध्ये आदिवासी व नक्षलग्रस्त भागांतील आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एकस्तर वेतनश्रेणीचे धोरण स्वीकारले, त्यामागेही या भागात माणसे टिकत नाहीत हा अनुभव होता. विमा व्यवसायातील तरुणही येथे रुजू होताच नागपूरच्या बदलीचा अर्ज लिहू लागतो.

त्याने थोडे थांबून विचार करावा. मोठ्या शहरातील कार्यालयात एकच टेबल वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. नवीन प्रस्ताव पाहणाऱ्याला दाव्यांची फाईल दिसत नाही आणि दावे पाहणाऱ्याला विमेदार दिसत नाही. तालुक्याच्या गावी लहान शाखेत माणसे थोडी, म्हणून एकाच कर्मचाऱ्याच्या हातून प्रस्ताव, हप्ता, कर्ज, पुनरुज्जीवन आणि दावा ही सारी कामे जातात. मुलाखतीच्या टेबलासमोर बसल्यावर हा अनुभव बोलतो.

शिवाय येथील माणसांची विविधता पाहा. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी येथील कामगाराला दरमहा पगार आहे. त्याचा हप्ता पगारातून कापला जातो. ब्रह्मपुरी-नागभीडकडे झाडीबोली बोलणारा धानाचा शेतकरी आहे. राजुरा-कोरपना भागात कापूस आहे. सिरोंच्यात तेलुगू ऐकू येते, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, तर भामरागड-एटापल्लीत माडिया. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याच्या १० लाख ७२ हजार लोकसंख्येपैकी जवळपास ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. ज्या अधिकाऱ्याला यांपैकी दोन भाषांत हप्ता म्हणजे काय हे समजावून सांगता येते, त्याची जागा दुसरा कोणी सहज घेऊ शकत नाही.

मार्चची पॉलिसी आणि डिसेंबरचा पैसा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विमा व्यवसायाचे वर्ष ३१ मार्चला संपते. फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने उद्दिष्टपूर्तीच्या धावपळीचे असतात. बढती मिळवू पाहणारा तरुण या महिन्यांत प्रतिनिधींना घेऊन गावोगाव फिरतो, प्रस्ताव भरून घेतो आणि शाखेच्या फलकावर त्याचे नाव वर जाते. पुढे काय होते?

पॉलिसी मार्चमध्ये सुरू झाली की वार्षिक हप्त्याची तारीख दरवर्षी मार्चमध्येच येते. आपल्याकडील धान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापले जाते, आधारभूत खरेदी केंद्रावर जाते आणि पैसा त्यानंतर हाती येतो. मार्चपर्यंत उसनवारी, लग्नकार्य आणि बी-बियाण्याची जुळवाजुळव यांत तो संपत आलेला असतो. मोहफूल नुकतेच पडू लागलेले असते. तेंदूपानाचा हंगाम मे महिन्यात. अशा रिकाम्या महिन्यात हप्ता मागायला गेल्यावर तो मिळणार कोठून? वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलतीची मुदत असते, तीही एप्रिलमध्ये संपते आणि पॉलिसी बंद पडते. हप्ते सुरुवातीलाच थांबले तर भरलेल्या रकमेपैकी फारच थोडे किंवा काहीच परत मिळत नाही, आणि ज्या संरक्षणासाठी पैसे भरले तेही जाते.

त्या कुटुंबाने पुन्हा विम्याचे नाव काढावे अशी अपेक्षा कोणी करू नये. आणि एका कुटुंबाची ही गोष्ट त्या कुटुंबापुरती राहत नाही. बाजाराच्या दिवशी ती साऱ्या टोल्यांत पोचते.

म्हणून हप्त्याची तारीख पिकाच्या पंचांगाप्रमाणे ठरवावी. धानाच्या शेतकऱ्याची पॉलिसी डिसेंबर-जानेवारीत सुरू करावी. ज्याचा रोख पैसा तेंदूपानातून येतो त्याचा हप्ता जूनमध्ये यावा. खाणकामगाराला मासिक कपात योग्य. यासाठी कोणतीही नवीन योजना लागत नाही, कोणत्याही वरिष्ठाची मंजुरी लागत नाही. प्रस्ताव भरण्यापूर्वी 'तुमच्या घरी पैसा कोणत्या महिन्यात येतो?' हा एक प्रश्न विचारावा लागतो.

कोणी म्हणेल, याने मार्चचे उद्दिष्ट कसे पुरे होणार? समजा, एकाने वर्षात शंभर पॉलिसी केल्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांतल्या चाळीसच जिवंत राहिल्या. दुसऱ्याने साठ केल्या आणि चोपन्न टिकल्या. पहिल्या वर्षीच्या फलकावर पहिला वर असेल. परंतु पॉलिसी टिकण्याचे प्रमाण विमा व्यवसायात तेराव्या महिन्यापासून एकसष्टाव्या महिन्यापर्यंत टप्प्याटप्प्याने मोजले जाते. हे आकडे कधीतरी वर येतातच, आणि नेमके त्याच वर्षांत येतात जेव्हा तुमच्या बढतीचा विचार चाललेला असतो.

हेच सूत्र आता गावपातळीवरही आले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी महामंडळाची विमा सखी योजना सुरू झाली. दहावी उत्तीर्ण, १८ ते ७० वयाच्या स्त्रीला प्रशिक्षण आणि तीन वर्षे अनुक्रमे ७,०००, ६,००० व ५,००० रुपये मासिक विद्यावेतन अशी तिची रचना आहे. दुसऱ्या वर्षीचे विद्यावेतन मिळण्यासाठी पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असाव्या लागतात. पदवीधर सखीचा पुढे विकास अधिकारी पदासाठी विचार होऊ शकतो, असेही या योजनेत सांगितले आहे. एटापल्लीच्या एखाद्या माडिया मुलीने पदवी घेऊन या वाटेने अधिकारपदापर्यंत पोचावे, याहून या व्यवसायाला मोठा बहुमान कोणता? मात्र ही नेमणूक कर्मचाऱ्याची नव्हे, प्रतिनिधीची आहे, हे तिला आरंभीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दाव्याची फाईल

विम्याचा कागद खरा ठरतो तो दाव्याच्या दिवशी. त्या दिवशी घरात दुःख असते आणि कागदांची जुळवाजुळव करण्याचे बळ नसते. वनजिल्ह्यांतील दावे बहुधा पैशाअभावी अडत नाहीत, नावांवरून अडतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि मतदारयादीत तिसरे. आडनाव कुठे आहे, कुठे नाही. माडिया नाव मराठी किंवा हिंदी लिपिकाच्या हातून तीन प्रकारे लिहिले जाते. ही दुरुस्ती प्रस्तावाच्या दिवशी दहा मिनिटांची असते. मृत्यूनंतर ती दहा फेऱ्यांची होते. पॉलिसी घेऊन तीन वर्षे होण्याआधी मृत्यू आला तर चौकशी अधिक बारकाईने होते, आणि अशा वेळी ही तफावत फारच महाग पडते.

अपघात विम्याचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण आहे. सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा घटनांत मृत्यूचे कारण तातडीच्या रुग्णालयीन नोंदीवरून सिद्ध व्हावे लागते. आपल्या भागात साप चावलेल्या माणसाला आधी कोठे नेले जाते हे आपण सारे जाणतो. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेल्याने त्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढतेच. दुर्दैवाने न वाचल्यास त्या नोंदीमुळे कुटुंबाचा हक्क तरी शाबूत राहतो. ही गोष्ट गावसभेत सांगण्यास विमा अधिकाऱ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. तसेच या योजनेचे वर्ष १ जूनला सुरू होते. मे अखेरीस खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण खंडित होते; वीस रुपयांसाठी दोन लाख जातात.

पीकविम्यातही हेच. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात क्षेत्रनिहाय पीकविम्याची कल्पना मांडली आणि १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेला तिचा आधार मिळाला. आज मंडळनिहाय पीककापणी प्रयोगांवर भरपाई ठरते, परंतु जेथे गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचे संरक्षण लागू असते तेथे तिची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. पुराने रस्ता बंद झालेल्या गावात ७२ तास किती लवकर संपतात, हे मुंबईत बसून समजत नाही. येथे काम केलेल्या अधिकाऱ्याने ते वर कळविले पाहिजे. असा लेखी, मुद्देसूद अहवाल हेही बढतीचे साधन आहे.

वरिष्ठांची मर्जी

बढतीची एक सोपी वाट म्हणून वरिष्ठांची मर्जी सांभाळण्याचा सल्ला तुम्हांला कोणीतरी देईलच. याबाबत महामंडळाच्या आरंभीच्याच काळातील एक प्रकरण सर्वांनी लक्षात ठेवावे. १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर महामंडळाने घेतले. हा व्यवहार गुंतवणूक समितीला डावलून झाला होता. फिरोज गांधी यांनी लोकसभेत प्रश्न उपस्थित केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. चौकशीत महत्त्वाचा प्रश्न हा ठरला की, निर्णय कोणाचा होता आणि तो कागदावर कोठे आहे.

तुमच्या टेबलावरील रक्कम सव्वा कोटीची नसेल, पाच हजारांची असेल. नियम तोच. कोणी 'एवढे करून टाका' असे तोंडी सांगितले तर नम्रपणे टिपण लिहावे आणि त्यावर आदेश घ्यावा. याने क्षणिक नाराजी येईल. परंतु ज्याची फाईल स्वच्छ आहे त्याला वर्षानुवर्षे मागे ठेवणे कोणालाही सोपे जात नाही.

बढती स्वीकारावी काय?

आपल्या भागातील स्थानिक तरुणांची अडचण वेगळी आहे. बढतीबरोबर बदली येते. घरची शेती, वृद्ध आईवडील, धाकट्या भावंडांचे शिक्षण यांमुळे अनेक कर्तबगार माणसे बढती नाकारतात आणि सहायक म्हणूनच निवृत्त होतात. त्यांना कोणी दोष देऊ नये. परंतु याचा एक परिणाम असा की, निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर वनप्रदेश जाणणारी माणसे फार थोडी पोचतात. मग कोणत्या गावात कार्यालय हवे, कोणते कागद मागावेत, हप्त्याची पद्धत कोणती असावी हे असे लोक ठरवितात ज्यांनी धानाची बांधी जवळून पाहिलेली नसते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ज्यांना शक्य आहे त्यांनी बढती मागावी, लवकर मागावी आणि बदलीसह स्वीकारावी. चार वर्षे बाहेर राहून परत येणारा अधिकारी आपल्या जिल्ह्याच्या अधिक उपयोगी पडतो.

इतरांचा वाटा

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना दोन शब्द. शाळेच्या प्रवेश नोंदवहीतील नाव आणि जन्मतारीख हा मुलाच्या भावी आयुष्यातील पहिला आर्थिक दस्तऐवज असतो. तो घाईने लिहू नये. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत होणे आवश्यक आहे; ग्रामपंचायतीने ती मुदत पाळली तर विधवेचा दाव्याचा अर्धा मार्ग मोकळा होतो. आणि वर्गात गणितात हुशार दिसणाऱ्या मुलाला पोलीस व शिक्षक या दोन नोकऱ्यांपलीकडे विमा, बँक यांसारख्याही नोकऱ्या आहेत, हे दहावीच्या आधी सांगावे. वयाची अट उलटून गेल्यावर मिळालेली माहिती केवळ हळहळ निर्माण करते.

तरुण मित्रांनो, तुम्ही बढतीसाठी अवश्य झटा. परीक्षा द्या, नियमपुस्तिका वाचा, लोकांची भाषा शिका. वर्षअखेरीस स्वतःचा हिशेब करताना मात्र दोनच आकडे आधी मांडा: गेल्या वर्षीच्या किती पॉलिसी आज चालू आहेत, आणि आलेल्या दाव्यांपैकी किती दावे वारसाला दुसरी फेरी न घालता मिळाले. हे दोन आकडे चांगले असतील तर मुलाखतीत तुम्हांला फार बोलावे लागणार नाही. आणि बढती एखाद्या वर्षाने लांबली तरी कोरची किंवा गोंडपिपरीच्या एखाद्या गावात तुमचे नाव विश्वासाने घेतले जाईल. त्या विश्वासावरच तुमच्यानंतर येणाऱ्या तरुणाला तेथे उभे राहता येणार आहे.